कुत्र्याला गॅस? आधी बंद करा, मग विकत घ्या

कुत्रा सारखा पादतो म्हणून कुणी लगेच डॉक्टरकडे धावत नाही. आधी हसू येतं, मग खिडक्या उघडल्या जातात, पाहुणे येणार असले की त्याची रवानगी बाल्कनीत होते. आणि कधीतरी रात्री अकरा वाजता कुणीतरी वैतागून मोबाइलवर एक पावडर, एक प्रोबायोटिक आणि ‘नाजूक पोटासाठी’ असं लिहिलेली तीन-चार हजारांची बॅग मागवून टाकतं. खर्चाची सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. निरोगी कुत्र्याच्या गॅसवरचा पहिला उपाय फुकट असतो. फुकट कसला, त्यात महिन्याला तेराशे-साडेतेराशे रुपये वाचतात. त्याने भागलं नाही तर दुसऱ्या पायरीला, चौदा दिवसांच्या चाचणीला, साधारण सतराशे लागतात. आठ-नऊ हजारांचं डॉक्टरी खाद्य ही शेवटची पायरी, आणि तिथपर्यंत जायची वेळ फार थोड्या घरांवर येते.

खालचा सगळा हिशोब वीस किलोच्या, प्रौढ, नसबंदी झालेल्या कुत्र्याचा आहे. चांगला पोसलेला देशी कुत्रा किंवा सडपातळ लॅब डोळ्यांसमोर आणा. त्याला दिवसाला साधारण १,०५० किलोकॅलरी लागतात. दहा किलोच्या कुत्र्याला याच्या निम्म्या लागत असतील असं वाटतं, पण तसं नसतं. त्याला ६३० लागतात आणि तीस किलोच्याला १,४३५. लहान कुत्र्याचं पोट किलोमागे जास्त खातं, हे आपापल्या घरचा आकडा काढताना लक्षात ठेवा. भाव शहरागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, म्हणून प्रत्येक ठिकाणी कोणता भाव धरला तेही दिलं आहे. तिथे आपल्या बाजारातला आकडा घातला की झालं.

वास येतो की नुसता आवाज?

गॅस दोन वाटांनी होतो. एक म्हणजे गिळलेली हवा. बकाबका खाणारा कुत्रा घासाबरोबर हवाही गिळतो. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू यांची नाकं चपटी, त्यामुळे खाताना त्यांना तोंडाने श्वास घ्यावा लागतो आणि त्यांच्या पोटात हवा जास्तच जाते. या गॅसला आवाज असतो, फारसा वास नसतो. दुसरी वाट मोठ्या आतड्यातली. लहान आतड्यात न पचलेलं अन्न तिथे पोचलं की तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून निघणारा हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांपैकी कशालाच वास नसतो. सगळं घर उठवणारा वास येतो तो गंधकाच्या संयुगांमुळे, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडमुळे, आणि एकूण वायूत त्यांचा वाटा एक टक्काही नसतो. म्हणून आवाज जास्त आणि वास कमी असेल तर आधी खाण्याची पद्धत बदलायची. वास असह्य असेल तर ताटात काय पडतंय ते बघायचं. बहुतेक घरांत दोन्ही थोडंथोडं असतं.

कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला भात-पोळी पचतच नाही, असं ठासून सांगणारे बरेच भेटतात. ते खरं नाही. स्टार्च पचवणारं अमायलेज तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात त्या कितीतरी पटींनी जास्त असतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्याची ती खूण आहे. शिजवलेला भात कुत्र्याला उत्तम पचतो. अडचण भाताची नसते, भातावर आपण जे ओततो त्याची असते.

पहिली पायरी: खर्च उणे

दूध-पोळी हा मराठी घरातल्या कुत्र्याचा पिढीजात आहार. लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज पिल्लात भरपूर असतं, प्रौढ कुत्र्यात ते बरंच कमी होतं. गाई-म्हशीच्या दुधात सुमारे पाच टक्के लॅक्टोज असतं. म्हणजे अर्ध्या लिटरमधून पंचवीसेक ग्रॅम लॅक्टोज रोज पोटात जातं आणि त्यातलं न पचलेलं थेट मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पंगतीला वाढलं जातं. शिवाय अर्धा लिटर फुल क्रीम दुधातून सव्वाचारशे-साडेचारशे किलोकॅलरी मिळतात. आपल्या वीस किलोच्या कुत्र्याची दिवसाची चाळीस टक्के गरज तेवढ्यातच भागते. कुत्रा पादतो आणि लठ्ठही झालाय, या दोन्ही तक्रारी पुष्कळदा एकाच पिशवीतून आलेल्या असतात.

दूध लिटरला ७० रुपये धरलं तर अर्धा लिटर बंद करून महिन्याला १,०५० रुपये वाचतात.

दुसरा नंबर बिस्किटांचा. मैदा, साखर, पामतेल; कुत्र्याच्या कामाचं त्यात काही नाही. दहाचा एक पुडा रोज संपत असेल तर महिन्याचे तीनशे. (साखरविरहित बिस्किटं आणि च्युइंगगम यांत झायलिटॉल असू शकतं. ते कुत्र्याला विषासारखं आहे, त्यामुळे तो पर्याय मुळीच नको.)

तिसरं म्हणजे उरलेलं वरण, आमटी, उसळ. डाळी-कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या फोडणारं विकर ना आपल्या लहान आतड्यात असतं, ना कुत्र्याच्या. उसळीनंतर आपल्याला जे होतं तेच त्याला होतं, फक्त त्याला बाहेर जाऊन येण्याची सभ्यता माहीत नसते. राजमा, हरभरा, वाटाणा, चवळी यांचा त्रास जास्त, मुगाचा कमी. सोयाबीनच्या वड्या ‘प्रोटीन’ म्हणून शाकाहारी घरांत हौसेने घातल्या जातात, त्यांचंही तेच. कोबी, फ्लॉवर, मुळा यांत गंधक असतं, त्यामुळे वासात भर पडते. आणि आमटीत कांदा-लसूण असतो. तो गॅसपुरता प्रश्न राहत नाही, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ‘इतकी वर्षं खातोय, काही झालं नाही’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

किनारपट्टीला आणि गोव्यात यात खारवलेल्या सुक्या मासळीची भर पडते, सगळीकडेच तळणीच्या उरल्यासुरल्याची. तेलकट अन्न नीट पचलं नाही की गॅस होतोच, पण स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोकाही असतो. ते दुखणं महाग पडतं.

खरी लढाई खाद्याशी नसून घरातल्या माणसांशी असते. आजी पोळीचा तुकडा लपवून देते, मुलं टिफिन त्याच्यापुढे रिकामा करतात, सोसायटीचा वॉचमन चहात बुडवलेली खारी देतो. पंधरा दिवस कुणीही काहीही द्यायचं नाही, हे सगळ्यांना सांगा आणि तरीही कुणी काही दिलं तर कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायला लावा. त्याच चौकटीत संध्याकाळी गॅस किती, वास कसा, शी घट्ट की पातळ, एवढं दोन शब्दांत लिहायचं. या नोंदीला पैसे पडत नाहीत, आणि डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तपासणीचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.

खायची पद्धत

दिवसातून एकदाच ढीगभर वाढत असाल तर तेवढंच अन्न दोनदा किंवा तीनदा करून द्या. दोन कुत्री असतील तर वेगवेगळ्या खोलीत वाढा. शेजारचा आपलं खाईल या भीतीने दोघंही हवेसकट गिळतात. हळू खायला लावणारी खाचाखुणांची ताटली दुकानात अडीचशे ते सहाशेला मिळते. घेण्यासारखी आहे, पण आधी घरातलं इडलीपात्र काढा. त्याच्या थाळीतल्या खळग्यांत कोरडं खाद्य विभागून ठेवलं की दोन मिनिटांत संपणारं जेवण आठ-दहा मिनिटं चालतं. मोठ्या परातीत पातळ पसरून दिलं तरी काम होतं.

उंच स्टँडवरचं भांडं मात्र गॅससाठी म्हणून विकत घेऊ नका. हजार-दीड हजार जातात, आणि अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० सालच्या अभ्यासात मोठ्या जातींच्या कुत्र्यांत उंचावरच्या भांड्याचा संबंध पोट फुगून पीळ पडण्याच्या जास्त धोक्याशी दिसला होता. मान, पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

जेवणानंतर थोड्या वेळाने रमतगमत पंधरा-वीस मिनिटांचा फेरा मारला की गॅसही बाहेर पडतो आणि शीही होते, दोन्ही घराबाहेर. पळवायचं मात्र नाही. लठ्ठ, दिवसभर सोफ्यावर पडून असणाऱ्या कुत्र्यांना गॅस जास्त होतो.

चौदा दिवसांची चाचणी

वरचं सगळं करून आठवड्याभरात फरक पडला नाही तर ताट पूर्ण कोरं करायचं. मऊ भात, उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा. मीठ नाही, तेल नाही, फोडणी नाही. नेहमीचं खाद्य एकदम तोडायचं नाही. चार-पाच दिवस जुनं कमी, नवं जास्त असं करत न्यायचं आणि चौदा दिवस त्यानंतर मोजायचे. खाद्य अचानक बदलल्यानेही गॅस होतो, आणि घाईने बदललेलं चांगलं खाद्य त्यामुळे फुकट बदनाम होतं.

वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाचं प्रमाण असं: कच्चा तांदूळ १८० ग्रॅम, कातडी काढलेलं बिनहाडाचं चिकन ३०० ग्रॅम, भोपळा ८० ग्रॅम. तांदूळ ६० रुपये किलो, बोनलेस चिकन ३५० रुपये किलो आणि भोपळा ४० रुपये किलो धरला तर दिवसाला ११९ रुपये, चौदा दिवसांचे साधारण १,६७०. आकडा मोठा दिसतो, पण त्या पंधरवड्यात दूध-बिस्किटांचे ६३० रुपये वाचलेले असतात आणि कोरडं खाद्यही बंद असतं. दोनशे रुपये किलोचं खाद्य रोज ३०० ग्रॅम जात असेल तर त्याचे ८४० वाचतात. खिशातून जास्तीचे जातात ते फक्त दोनशे.

चिकन हाडासकट घेतलं तर स्वस्त पडेल, असं वाटतं. २२० रुपये किलोचं चिकन सोलून, हाडं काढून पासष्ट टक्क्यांच्या आसपास मांस उरतं, म्हणजे मांस ३३८ रुपये किलोने पडलं. बोनलेसपेक्षा बारा रुपये कमी. त्यासाठी निवडण्याची कटकट आणि शिजलेलं हाड चुकून ताटात जाण्याची भीती, जे कधीही जाता कामा नये. चिकनवाल्याकडचा पोटा स्वस्त असतो आणि त्यात चरबीही कमी. तो अर्ध्यापर्यंत चालेल. कलेजी मात्र चवीपुरतीच, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

चिकन घरात शिजत नसेल आणि अंडं चालत असेल तर रोज चार उकडलेली अंडी, १९० ग्रॅम तांदूळ आणि भोपळा. सात रुपयांचं अंडं धरलं तर दिवसाला ४३ रुपये, चौदा दिवसांचे सहाशे. अंड्यात गंधक आहे, त्यामुळे गॅस कमी होऊनही वास थोडा रेंगाळू शकतो; पण शिजलेलं अंडं इतकं चांगलं पचतं की मोठ्या आतड्यापर्यंत फार थोडं पोचतं. कच्चं अंडं नको. अंडंही नको असेल तर पनीर उरतं, पण दुधाचाच संशय असताना पनीर घालून केलेली चाचणी काही सांगत नाही. अशा घराने ही पायरी गाळून सरळ चांगल्या प्रतीच्या शाकाहारी तयार खाद्याकडे जावं.

भात रोज ताजा लावा. चिकन एकदम तीन दिवसांचं उकडून फ्रिजमध्ये ठेवलं तर चालतं. भाताचं तसं नाही. गार झालेल्या भातातला काही स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि लहान आतड्यात पचत नाही. कालचा फ्रिजमधला भात कुत्र्याला, हा सगळीकडचा रिवाज, आणि गॅसची चाचणी बिघडवायला तो एकटा पुरतो.

दोन आठवड्यांनंतर हे जेवण असंच चालू ठेवू नका. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतं. रोजचा अर्धा चमचा बारीक दळलेली अंड्याची टरफलं कॅल्शियमची गरज साधारण भागवतात, पण जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांचं काय? कायम घरचंच द्यायचं ठरवलं तर डॉक्टरकडून पाककृती आणि पूरक पावडर लिहून घ्यावी लागते. त्याचा खर्च महिन्याला साडेतीन हजार चिकन-भाताचे, वर पावडरीचे. घरचं म्हणजे स्वस्त, हा समज चिकनच्या भावापुढे टिकत नाही. आणि वाढत्या पिल्लांवर ही चाचणी करायचीच नाही.

बॅगेवरचा भाव आणि दिवसाचा भाव

चाचणीत गॅस गेला आणि जुन्या खाद्यावर परत आला, तर खाद्य बदलायचं. इथे दुकानदार बॅगेचा भाव सांगतो, आपण दिवसाचा काढायचा. बॅगेच्या पाठीवर शंभर ग्रॅममधल्या किंवा किलोमधल्या किलोकॅलरी छापलेल्या असतात. त्यावरून रोज किती ग्रॅम लागेल ते काढा आणि भावाने गुणा.

किलोला २०० रुपयांचं साधं खाद्य रोज ३०० ग्रॅम लागतं: दिवसाचे ६०, महिन्याचे १,८००. किलोला ४०० चं मधल्या प्रतीचं खाद्य जास्त सकस असल्याने २७५ ग्रॅम पुरतं: दिवसाचे ११०, महिन्याचे ३,३००. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना यांची पोटाच्या तक्रारींसाठीची डॉक्टरी खाद्यं किलोला हजाराच्या वर जातात. ११०० धरले आणि रोज २७० ग्रॅम, तर दिवसाचे जवळपास ३००, महिन्याचे आठ हजार नऊशे. तेच आठ किलोच्या सुस्त पगला रोज सव्वाशे ग्रॅम पुरतं आणि महिन्याचं बिल चार हजारांच्या आसपास येतं. लहान कुत्र्याच्या बाबतीत डॉक्टरी खाद्य अगदीच आवाक्याबाहेरचं नाही. मोठ्या कुत्र्याला ते तीन-चार आठवडे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, पोट स्थिरावेपर्यंत. पुढे बऱ्याच कुत्र्यांचं मधल्या खाद्यावर भागतं.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. स्वस्त खाद्यात वर मका, गहू, सोया दिसतात. मका-गहू आले म्हणून लगेच बॅग परत ठेवायचं कारण नाही. सोया पहिल्या तीन-चारांत असेल तर मात्र गॅसच्या कुत्र्यासाठी दुसरी बॅग उचला. पहिलं नाव कोंबडी, मासा किंवा मटण, त्यानंतर तांदूळ, हा मेळ बघा.

‘ग्रेन-फ्री’ ही सगळ्यात महाग फसगत. धान्य काढून त्या जागी वाटाणा, मसूर, काबुली चणा घातलेला असतो, म्हणजे दीडपट पैसे मोजून नेमकं गॅस करणारंच घरी आणायचं. शिवाय कडधान्यांवर आधारलेल्या अशा खाद्यांचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध असू शकतो का, याचा तपास अमेरिकेच्या एफडीएने २०१८ साली जाहीर केला होता. गव्हाची ॲलर्जी डॉक्टरांनी ठरवली असेल तर प्रश्न वेगळा. नाहीतर हे पैसे वाचवा.

वीस किलोचं पोतं किलोमागे स्वस्त पडतं, पण उघडल्यावर महिन्या-सव्वा महिन्यात संपणार असेल तरच. आपला कुत्रा महिन्याला नऊ किलो खातो, त्यामुळे पोतं सव्वादोन महिने चालेल. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात तेवढ्या दिवसांत चरबी खवट होते. दहा किलोची बॅग घ्या आणि खाद्य पिंपात ओतण्याऐवजी बॅगेसकट पिंपात ठेवा. पोतं फोडून सुटं तोलून दिलेलं खाद्य तर घेऊच नये. त्याची तारीख, घटक, बॅच, काहीच हाती राहत नाही.

पावडरी, थेंब, गोळ्या

इथे माझं मत सरळ आहे: आहार सुधारेपर्यंत यावर खर्च करू नका. त्यातल्या त्यात आधार आहे तो सक्रिय कोळसा, युक्का आणि झिंक ॲसिटेट या मिश्रणाला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात त्याने कुत्र्यांच्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड कमी झाला. म्हणजे वास कमी झाला; गॅस तयार व्हायचा थांबला असा त्याचा अर्थ नाही. कोळसा इतर औषधंही शोषून घेतो, म्हणून कुत्र्याला दुसरी कुठली गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सिमेथिकोनचे थेंब बुडबुडे फोडतात, वासाचं त्यांना काही करता येत नाही. प्रोबायोटिकचा गुण काहींना येतो, काहींना येत नाही. पुडीमागे पंचवीस ते पन्नास रुपये मोजून महिनाभर देऊन बघायला हरकत नाही, पण चाचणीच्या चौदा दिवसांत नको, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. हिंग-ओवा, ईनो, माणसांच्या गॅसच्या गोळ्या हे घरगुती प्रयोग कुत्र्यावर करू नका.

डॉक्टरांचं बिल

वजन उतरतंय, शी सतत पातळ आहे, तिच्यात शेंबूड किंवा रक्त दिसतंय, उलट्या होतायत, किंवा म्हाताऱ्या कुत्र्याला अचानक गॅस सुरू झाला, तर पंधरा दिवस भात-चिकनची वाट बघू नका. शहरात खासगी तपासणीला साधारण तीनशे ते आठशे, शीच्या तपासणीला दोनशे ते पाचशे, रक्ताला हजार ते अडीच हजार, सोनोग्राफीला तेवढेच. शीची तपासणी पहिली. जंत आणि जिआर्डिया ही स्वस्तात सापडणारी कारणं आहेत, आणि सापडली तर पुढची महागडी तपासणी वाचते. जंताची गोळी दहा किलोमागे एक, म्हणजे आपल्या कुत्र्याला दोन, दोनेकशे रुपयांच्या आत. जिआर्डियाचं औषध वेगळं, ते डॉक्टरांनीच द्यायचं.

जर्मन शेफर्ड असेल, वखवखल्यासारखा खाऊनही हडकत असेल आणि शी ढीगभर, फिकट, तेलकट होत असेल, तर स्वादुपिंडाची विकरं कमी पडत असण्याची शक्यता मोठी. त्याची रक्ततपासणी काही हजारांची आणि विकरांची पावडर जन्मभराची, पण निदान झालं की कुत्रा पुन्हा अंग धरतो.

खर्च परवडत नसेल तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, सगळ्यांच्या तोंडी असलेलं बैलघोडा, १८८३ पासून चालू आहे. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आणि पशुसंवर्धन विभागाचे सरकारी दवाखाने खासगीच्या मानाने कमी पैशांत बघतात. रांग असते, तेव्हा सकाळी लवकर जा आणि शीचा ताजा नमुना डबीत घेऊन जा.

एका गोष्टीत मात्र पैशाचा आणि वेळेचा विचारच करायचा नाही. पोट ढोलासारखं ताणलेलं, कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काही येत नाही, लाळ गळतेय, एका जागी बसवत नाही. याला गॅस समजून ओव्याचं पाणी पाजत बसू नका. जठराला पीळ पडलेला असू शकतो. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांत हे जास्त दिसतं आणि काही तासांत जीव जातो. शस्त्रक्रियेचं बिल पाच आकडी असतं. रात्री उघडं असणारं जवळचं रुग्णालय कोणतं, त्याचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा.

परत काय सुरू करायचं

चाचणीनंतर पोट शांत झालं की एका वेळी एकच जिन्नस परत आणायचा आणि चार-पाच दिवस थांबून नोंद बघायची. क्रम असा ठेवा: नेहमीचं किंवा नवीन ठरवलेलं खाद्य सात ते दहा दिवसांत थोडंथोडं वाढवत, मग पोळीचा तुकडा, मग दोन चमचे घरचं दही, मग भिजवून पाणी फेकलेल्या मुगाचं साधं वरण. दही पुष्कळ कुत्र्यांना चालतं, कारण विरजणात काही लॅक्टोज आंबून गेलेलं असतं. दूध सगळ्यात शेवटी, तेही हट्टच असेल तर. पुन्हा वास आला की तो जिन्नस कायमचा बाद आणि दोन दिवस परत भात-चिकनवर.

बिस्किटांच्या जागी गाजराचे किंवा काकडीचे तुकडे द्या. आठवड्याला अर्धा किलो गाजर पुष्कळ होतं, तीस-चाळीस रुपयांत भागतं. नाहीतर त्याच्या वाटणीच्या कोरड्या खाद्यातले दहा-पंधरा दाणे सकाळीच एका डबीत काढून ठेवा आणि दिवसभर घरातल्या सगळ्यांनी त्यातूनच द्यायचं. डबी संपली की त्या दिवसाचा खाऊ संपला, हे आजीलाही सांगून ठेवा.